वाळवंटातील घराचा भाव

आखाती देशांत नोकरीस गेलेला मुलगा सुटीवर घरी आला म्हणजे त्याच्या पेटीबरोबर काही नवे विचारही घरात येतात. सांप्रत बेळगाव-निपाणीकडील आमच्या काही कुटुंबांत असा एक विचार शिरला आहे: दुबईत घर विकत घ्यावे काय? वडीलधाऱ्यांच्या पिढीस हा प्रश्न पडलाच नव्हता. तिकडे भाड्याच्या खोलीत राहावे, पैसे घरी पाठवावेत आणि इकडे दोन खोल्या वाढवाव्यात, अशी रीत होती. कारण परकीयास तेथे घराची मालकी सहसा मिळतच नसे. ती मुभा २००२ साली मिळाली. पुढील सहा-सात वर्षांत काय घडले, हे आमच्या तरुण वाचकांच्या कानी क्वचितच पडते. घर विकणारा ते कशाला सांगेल?

समुद्रात भर घालून ताडाच्या आकाराचे बेट उठले, वाळवंटात मैलोगणती नव्या वसाहती आखल्या गेल्या, आणि घरे उभी राहण्याआधीच नकाशावर विकली जाऊ लागली. समजा, दहा लाख दिरहमचे घर आहे. एक लाख विसार द्यावयाचा व करार आपल्या नावे करून घ्यावयाचा. चार महिन्यांनी त्याच घराचा भाव बारा लाख झाला की तो करारच दुसऱ्यास विकावयाचा. एका लाखावर दोन लाख नफा, आणि विटेवर वीट चढलेली नाही! तंबाखूचे पीक शेतात उभे असताच त्याचा सौदा करणारे व्यापारी निपाणीकरांना नवे नाहीत. परंतु तेथे शेवटी तंबाखू कोणाच्या तरी वखारीत जाते. येथे मात्र अनेक हातांतून फिरणाऱ्या कराराच्या कित्येक धन्यांना त्या घरात राहावयास जायचेच नव्हते. आपल्याहून अधिक भाव देणारे पुढचे गिऱ्हाईक मिळेल, एवढ्या भरवशावर भाव चढत होता.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली, जगभर बँकांनी कर्जे आखडली, आणि दुबईत पुढचे गिऱ्हाईक येईनासे झाले. वर्षभरात घरांच्या किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये 'दुबई वर्ल्ड' या सरकारी कंपनीने आपल्या सावकारांकडे मुदत मागितली. डिसेंबरात शेजारच्या अबुधाबीने दहा अब्ज डॉलर दिले, तेव्हा कोठे निभावले. पुढच्याच महिन्यात जगातील सर्वांत उंच इमारतीचे उद्घाटन झाले आणि 'बुर्ज दुबई' हे तिचे नाव बदलून तिला अबुधाबीच्या राज्यकर्त्याचे नाव देण्यात आले. उपकार स्मरण्याची ही तऱ्हा आमच्या खेड्यांतही अपरिचित नाही.

राज्याचे असे निभावले. पगारदार माणसाचे काय झाले, ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. तेथे राहण्याचा परवाना नोकरीस बांधलेला. नोकरी सुटली की त्या काळी महिन्याभरात दुसरी शोधावी, नाहीतर देश सोडावा. म्हणजे ज्या मंदीत घराची किंमत पडे, त्याच मंदीत पगारही थांबे, आणि पगारापाठोपाठ तेथे राहण्याचा हक्कही जाई. तशात हप्त्यांसाठी पुढील तारखांचे धनादेश आगाऊ दिलेले असत, व न वटलेला धनादेश हा तेथे फौजदारी गुन्हा होता. (हा कायदा जानेवारी २०२२ पासून पुष्कळ सौम्य झाला आहे.) लोक विमानतळावर मोटारी टाकून पळाले, असे २००९ साली वर्तमानपत्रांनी छापले. मोटारींच्या आकड्याविषयी मतभेद आहेत, पण कैदेची भीती खरी होती. ज्या मजुरांनी ती घरे बांधली, आणि त्यांत आपले देशबांधव पुष्कळ होते, त्यांची तर गणतीच कोणी ठेवली नाही.

नंतर सुधारणा झाल्या, हे मान्य केले पाहिजे. ग्राहकाचा पैसा त्या त्या बांधकामाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा कायदा २००७ चा आहे. २०१३ साली बँकेच्या कर्जावर मर्यादा आली व नोंदणीशुल्क दोन टक्क्यांवरून चार टक्के झाले. तरीही २०२१ पासून भाव पुन्हा चढू लागले आणि २०१४ चा उच्चांक मागे पडला. आता मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत दुबईच्या घरांची प्रदर्शने भरतात. वीस लाख दिरहमचे, म्हणजे साडेचार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे घर घेणाऱ्यास दहा वर्षांचा परवाना मिळतो, असे तेथे सांगतात, आणि ते खोटे नाही. दरमहा अवघा एक टक्का भरा, असेही सांगतात. दहा लाखांच्या घराचा एक टक्का म्हणजे महिना दहा हजार दिरहम. आमच्या किती मुलांचा पगार तेवढा आहे?

याच ठिकाणी गावाकडचे शेत मध्ये येते. मुलाची रक्कम अपुरी पडते, आणि वडिलांना विचारले जाते, "दोन एकर गहाण ठेवता काय?" दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे, बेळगावाजवळचा गुंठ्याचा भाव ऐकून मुलास वाटते की शेत म्हणजे नुसता पडून राहिलेला पैसा. आमचे मत स्पष्ट आहे: शेत गहाण ठेवू नये. मुलगा तेथे सहकुटुंब राहत असेल, नोकरी मुरलेली असेल, आणि सहा-आठ महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवता येत असतील, तर त्याने आपल्या मिळकतीवर बांधून पुरे झालेले घर खुशाल पाहावे. तत्पूर्वी वर्षाचे भाडे एका बाजूस आणि वर्षाचे व्याज व देखभालीचा खर्च दुसऱ्या बाजूस, असा हिशेब कागदावर मांडावा. नकाशावरचेच घर घ्यावयाचे असेल, तर दुबईच्या भूमिविभागात त्या बांधकामाची नोंद व स्वतंत्र खाते आहे की नाही, हे विसार देण्याआधी तपासावे. आणि सही करण्यापूर्वी सूनबाईस अवश्य विचारावे. हप्त्यांच्या दिवसांत घर तिलाच चालवावयाचे असते.