झाडाचे बेणेही निवडूनच लावावे



उसाची लागण करताना आपण बेणे किती बारकाईने बघतो! नऊ ते अकरा महिन्यांचा बेणेमळा, रसरशीत कांडी, फुगलेला डोळा, कीड-रोग नाही, एवढी खात्री झाल्याशिवाय टिपरी सरीत पडत नाही. पण पावसाळ्यात बांधाला झाड लावायची वेळ आली की हाच शेतकरी रोप कोणत्या बियाचे, ते बी टपोरे होते की पोचट, हे विचारीत नाही. फुकट मिळाले, खड्ड्यात ठेवले, मे महिन्यात वाळले. जूनला पुन्हा नवे रोप. मग गटऑफिसात येऊन सांगायचे, "साहेब, आमच्या रानात झाड लागतच नाही." माझे स्पष्ट मत असे की यात दोष रानाचा थोडा आणि बियाकडे न बघण्याच्या आपल्या सवयीचा जास्त आहे.

बी म्हणजे काय? आत झोपलेला कोंब आणि त्याला बांधून दिलेली शिदोरी. मुळी जमिनीत शिरून पाने हिरवी होईपर्यंत कोंबाला या शिदोरीवरच दिवस काढायचे असतात. शिदोरी मोठी असेल तर रोप जाड निघते, थोडे खोल पडले तरी वर येते, आठ-दहा दिवस पावसाने ओढ दिली तरी तग धरते. शिदोरी छोटी असेल तर पहिल्या दिवसापासून त्याला ऊन, ओल आणि मोकळी जागा हातात द्यावी लागते.

हे आपल्याला नवीन नाही. तीन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली की ती स्वतःच्या रसावर उगवते. एक डोळा काढून लावायचा म्हटले की ट्रे, कोकोपीट, सावलीची जाळी, झारीने पाणी, एवढा खटाटोप करावा लागतो, कारण डोळ्यामागचा साठाच कमी केला. आणि उसाचे खरे बी, जे तुऱ्यात असते, ते तर खसखशीसारखे बारीक. शेतात फेकले तर काही उपयोग नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत १९१२ सालापासून शास्त्रज्ञ असल्या बियांची बाळासारखी निगा राखून रोपे करतात, तेव्हा कुठे को ८६०३२ सारखी जात आपल्या रानात येते. पीक एकच, पण साठा किती यावर निगा किती हे ठरते.

झाडांचेही तसेच आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले, भाऊबंद नोकरीधंद्यासाठी मुंबईला जोगेश्वरी, अंधेरी, घाटकोपर भागात राहतात. तिकडे गेलात तर दोन गोष्टी मुद्दाम बघा. जुन्या चाळीच्या भिंतीत, पाइपाच्या सांध्यात पिंपळ उगवलेला दिसेल. त्याचे बी मोहरीहून बारीक, पाखराच्या विष्ठेतून तिथे पडलेले. शिदोरी जवळजवळ नाहीच, पण भिंतीवर गवताची चढाओढ नाही आणि ऊन भरपूर, म्हणून जगले. मात्र त्या एका रोपामागे हजारो बिया वाया गेलेल्या असतात. दुसरी गोष्ट, पश्चिमेला ओशिवरा नदी मालाडच्या खाडीकडे जाते तिथले तिवर. तिवराचे बी बदामाएवढे, दोन जाड दळांचे, आणि झाडावर असतानाच आत कोंब तयार झालेला. भरतीच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन चिखल लागला की लगेच मूळ धरते. कांदळाचे तर हातभर लांब कोंबच झाडाला लोंबतात. पुढची भरती यायच्या आत पाय रोवायचा असेल तर पोटात भरपूर अन्न हवे. एकाच उपनगरात दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात.

आता आपला बांध बघा. त्यावर हरळी आहे, गाजर गवत आहे. तिथे वड, पिंपळ, उंबर, कदंब, निलगिरी यांचे बारीक बी टाकणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. निलगिरीचे बी किलोत लाखांनी भरते. असल्या झाडांची रोपे गादीवाफ्यावर किंवा पिशवीतच करावीत, बी मातीने जाड झाकू नये आणि रोप चांगले जून झाल्यावरच बांधाला न्यावे. उलट आंबा, फणस, जांभूळ, करंज ही टपोऱ्या बियांची झाडे पहिल्या चांगल्या पावसानंतर जागेवरच टोकावीत. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोली पुरे. जागेवर उगवलेल्या झाडाचे सोटमूळ सरळ खाली जाते, पिशवीत ते गुंडाळते. आंबा, फणस, जांभूळ पावसाच्या तोंडावरच पिकतात आणि त्यांचे बी साठवून टिकत नाही, म्हणून खाल्ल्यावर आठवड्याच्या आत टोकलेले बरे. निंबोळीलाही फार दिवस ठेवू नये. मोठे बी उंदीर-घुशींना आवडते, तेव्हा वर बाभळीचे काटे टाकायला विसरू नका.

एकाच जातीच्या बियांतही निवड आहे. सागाच्या फळात चार कप्पे असतात. बारीक फळात बहुधा बीच नसते किंवा किडके असते, म्हणून जाणते रोपवाटिकावाले फळे चाळून बारीक काढून टाकतात. ताजे करंज किंवा जांभळाचे बी पाण्यात टाकून तरंगणारे वेगळे काढले तरी पोचट माल बराच कमी होतो.

काही सभासद विचारतील, मोठे बी म्हणजे मोठे झाड का? तसे नाही. मोहरीएवढ्या बियाचा वड गाव झाकतो. टपोऱ्या बियाचा फायदा पहिल्या एक-दोन वर्षांपुरता. पाणी आणि निगा मिळाली तर बारीक बियाचे रोपही पुढे त्याला गाठते. पण आपल्याकडे झाड मरते ते नेमके पहिल्या उन्हाळ्यात, म्हणून फरक तिथेच पडतो. दुसरे असे की आकार म्हणजे सर्वस्व नव्हे. बाभळीचे बी टणक, पाण्याला दाद देत नाही. शेळ्यांनी शेंगा खाऊन वाड्यात टाकलेले बी चांगले उगवते, हे धनगर बांधवांना विचारा. आणि टपोरे बी मिळते म्हणून सगळे एकाच झाडाखालचे गोळा करू नका. पाच-दहा निरोगी झाडांचे एकत्र करा, म्हणजे एका झाडाची खोड सगळ्या बांधावर पसरणार नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प झाला. आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. बी कुठले, हे विचारणारे थोडे. आपणही कारखान्यावर तेच करतो, रोपे किती वाटली हे अहवालात छापतो. माझी सूचना आहे की पुढच्या हंगामापासून तीन गोष्टी व्हाव्यात. रोपवाटिकेत बी चाळून आणि पाण्यात पारखून घ्यावे. टपोऱ्या जातींची रोपे वाटण्याऐवजी जूनमध्ये निवडक बीच वाटावे; खर्चही वाचेल. आणि वाटलेल्या रोपांचा आकडा न छापता पुढच्या जूनला जिवंत राहिलेल्या झाडांचा आकडा छापावा. तो आकडा सुरुवातीला लहान दिसेल, पण खरा असेल. उसात नांग्या किती पडल्या हे आपण लपवत नाही, मोजतो आणि भरतो. झाडांच्या बाबतीतही तोच हिशेब ठेवावा. वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर काढावा.

— ऊस विकास अधिकारी