संहिता खुली, दार बंद

बऱ्हाणपुरात १६१५ साली बांधलेला कुंडी भंडारा सातपुड्याचे पाणी भुयारांतून, निव्वळ उताराच्या बळावर, शहरात आणीत असे. मोबाइलची कार्यप्रणाली हीही अशीच दृष्टीआडची व्यवस्था. अँड्रॉइडची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. पण ती बांधावयास गूगल ६४ जीबी रॅम व ४०० जीबी मोकळी जागा मागते. बऱ्हाणपूरच्या वा काणकोणच्या सामान्य घरी असा संगणक कोठला? नवोदिताने म्हणून अँड्रॉइडचा गाभा असलेल्या लिनक्सपासून आरंभ करावा. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो घरच्याच संगणकावर रचला होता. पुढच्या पायरीसाठी महाविद्यालयांनी आपली बलाढ्य यंत्रे सुटीतही खुली ठेवावीत, असे आम्हांस वाटते. पाणी असून घागर रिकामी राहणे, हा दोष तहानलेल्याचा नव्हे.