झिजलेल्या बुशाचे मोल

येझदी मोटारसायकली बनविणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्या जुन्या गाड्या अद्याप धावतात, त्या कोणाच्या बळावर? घराच्या पडवीत लेथ मांडून बसलेल्या टर्नरच्या! परवा अशा एकाकडे तासभर बसलो होतो. मागच्या स्विंग आर्मचा बुश त्याने गनमेटलमधून कातून दिला. नकाशा नाही; नमुना म्हणून जुना तुकडा, तोही झिजलेला. मूळ माप अनुभवाने ताडावयाचे. गिऱ्हाइकाने घासाघीस केली ती मात्र कारखान्यात हजारोंनी निघणाऱ्या नगाच्या भावाशी तुलना करून. लेथ स्वतःचा, पण श्रमाचे मोल ठरविणारा दुसराच. आम्ही वर्गात शिकविलेल्या सिद्धान्तांत हा माणूस कोठे बसत नव्हता.

केंद्र सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारवाहनेही होती. ग्राहकाचा कैवार योग्यच. परंतु भाग घडविणाऱ्याचे काय? उत्पादन थांबलेल्या भागांची मापे व धातूचा तपशील खुला करण्याचे बंधन कंपन्यांवर असलेच पाहिजे. यात चोरी होईल म्हणतात. जो माल विकणेच सोडले, त्याची चोरी कसली?

कार्यकर्त्यांनी या मागणीवर टर्नरांच्या सह्या घ्याव्यात. त्यांना सभेस बोलावू नये, दिवस बुडतो. आपणच जावे, आणि लेथ थांबेपर्यंत बसावे.