किडनी वाचवायची तर कॅप्सूल नव्हे

‘फिश ऑइल किडनीला चांगलं, शिवाय नैसर्गिक, मग सिरॉसिसच्या रुग्णाने घेतलं तर बिघडलं कुठे?’ औषधाच्या दुकानापासून नातेवाइकांच्या बैठकीपर्यंत हा युक्तिवाद ऐकू येतो. तो करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि त्यांच्या हाती पुरावाही आहे. १९९४ साली अमेरिकेत डोनाडिओ आणि सहकाऱ्यांनी आयजीए नेफ्रोपॅथी या किडनीविकाराच्या १०६ रुग्णांवर चाचणी केली. रोज १२ ग्रॅम माशाचं तेल घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक, दीडपट किंवा अधिक झालं. ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांमध्ये ३३ टक्क्यांचं. पुढच्या चाचण्यांत हा फायदा सातत्याने दिसला नाही, पण पूर्वपक्ष मांडायचा तर पूर्ण बळानिशी मांडावा.

तो ढासळतो ते आजार बदलल्यावर. आयजीए नेफ्रोपॅथीत किडनीच्या गाळण्यांनाच सूज असते. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर होण्याच्या आजारात, किडनी पुष्कळदा मुळात धड असते, तिला रक्त पुरत नाही. यकृत निबर झालं की आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त तिकडे अडकतं. कालव्याचं पाणी वरच मुरलं की शेपटाकडचं शेत सुकतं, तशी किडनीची गत होते. रक्तदाब टिकवायला सुटलेली संप्रेरकं तिच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. अशा वेळी तिला तगवून धरतात तिची स्वतःची प्रोस्टाग्लँडिनं, आणि ती बनतात ॲराकिडॉनिक आम्लापासून. जलोदराच्या, म्हणजे पोटात पाणी साठलेल्या, रुग्णाला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक घातक ठरतं ते हीच निर्मिती बंद पडते म्हणून. माशाच्या तेलातलं इपीए हे मेदाम्ल नेमकं त्याच आम्लाशी स्पर्धा करतं. त्याने रक्तवाहिन्या आवळणारं थ्रॉम्बॉक्सेन घटतं, हे खरं. पण त्या मोकळ्या ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ सुद्धा घटू शकतं. पारडं कुठे झुकेल हे तर्काने सांगता येत नाही. सिरॉसिसच्या रुग्णाची किडनी या तेलाने वाचते असं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही.

‘नैसर्गिक’ म्हणणाऱ्यांनी तर बाटलीवरचं नाव नीट वाचावं. कॉड लिव्हर ऑइल वेगळं. त्यात जीवनसत्त्व अ भरपूर असतं, ते यकृतातच साठतं आणि अति झालं तर यकृताचाच घट्टपणा वाढवतं. आधीच निबर झालेल्या यकृतावर हा भार कशासाठी?

पुराव्याची शिस्त कशी असते, याचं एक उदाहरण लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतलं आहे. तिथल्या पोटविकार विभागाचे प्रमुख होते डॉक्टर सुभाष नाईक. १९९१च्या सुमारास कानपुरात काविळीची साथ आली, तेव्हा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अंदाजावर न थांबता पाहणी केली. सुमारे ७९,००० लोक आजारी पडल्याचं, साथ हिपॅटायटिस ईची असल्याचं आणि दूषित पाण्यातून पसरल्याचं त्यांनी दाखवलं. उपचार सुचवणाऱ्याकडे मी हीच शिस्त मागतो. शिवाय त्या साथीचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. सिरॉसिस असलेल्याला हिपॅटायटिस ई झाला तर यकृत झपाट्याने कोलमडतं आणि पाठोपाठ किडनीही जाऊ शकते. उकळलेल्या पाण्याची जाहिरात कुणी करत नाही, म्हणून ते कमी मोलाचं ठरत नाही.

मग करावं काय? पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला तर प्रतिजैविकासोबत शिरेतून अल्ब्युमिन द्यावं. १९९९ सालच्या स्पेनमधल्या चाचणीत त्याने किडनी बिघडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. हा खरा पुरावा, आणि तो याच रुग्णांवरचा. एका वेळी पाच लिटरहून अधिक पाणी काढलं तरी अल्ब्युमिन लागतं. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जुलाब-उलट्या झाल्या तर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तशाच रेटू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

मासे मात्र खुशाल खावेत. या रुग्णाला वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि ताजा शिजवलेला बांगडा किंवा रोहू ती देतो. जलोदर असेल तर खारवलेली सुकी मासळी टाळावी, शिंपले-कालवं कच्ची तर मुळीच नकोत. रात्री झोपण्यापूर्वी थोडं खावं. आणि क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नये: दंड-मांड्या झिजलेल्या रुग्णात ते मुळातच कमी असतं. दोन दिवसांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलं, तरी आकडा छापील मर्यादेत असतानाच डॉक्टरांना दाखवावं.