आचारसंहिता फक्त काउंटरवाल्यांसाठीच का?

मसुदा हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये नेमलेल्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आपले बाबासाहेब होते, हे आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. म्हणून कुठल्याही कचेरीत, कारखान्यात वा बँकेत नियमांचा मसुदा होऊ लागला की आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. तो लिहायला कोण बसले आहे? आणि तो कुणाकुणाला लागू होणार आहे?

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की आपल्या वस्त्यांतली पुष्कळ मुले-मुली आता बँकांत कामाला आहेत. कुणी कारकून, कुणी शिपाई, कुणी कंत्राटावर कार्ड आणि विमा विकणारा, कुणी गावात बँकमित्र. मोठ्या बँकेत रुजू होताना आचारसंहितेच्या कागदावर सही घेतली जाते. सही सगळेच करतात, वाचणारे थोडे. त्यात काय असावे याचा विचार तर आपण कधी करतच नाही.

अमेरिकेत १८५२ साली स्थापन झालेली वेल्स फार्गो नावाची बँक आहे. तिची आचारसंहिता होती. गैरप्रकार कळवायला खास टेलिफोनही होता. कागदावर काही कमी नव्हते. पण वरून दुसरा एक हुकूम सुटला होता : प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात बँकेच्या आठ योजना घाला! कोटा पुरा झाला नाही की साहेबाची बोलणी आणि नोकरी जाण्याची भीती. मग कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावाने खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये सरकारी यंत्रणांनी बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलर दंड केला. तोवर सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून काढले गेले होते, त्यातले बहुतेक खालच्या पायरीवरचे. पुढच्या वर्षी बँकेने जाहीर केलेल्या तपासणीत अशी संशयित खाती सुमारे ३५ लाख निघाली.

आणि तक्रार करणाऱ्याचे काय झाले? एका मॅनेजरने वरिष्ठांना आणि त्या खास टेलिफोनवर गैरप्रकार कळवला, तर त्यालाच घरी बसवले. त्याला परत घ्या आणि सुमारे ५४ लाख डॉलर द्या, असा आदेश अमेरिकेच्या कामगार खात्याने दिला तो २०१७ मध्ये. बँकेचे प्रमुख जॉन स्टम्फ यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये पद सोडले. बँकिंगच्या धंद्यातून त्यांना कायमचे बाहेर केले गेले ते २०२० मध्ये. खालच्यांना मात्र एवढी सवड मिळाली नव्हती.

आपल्याकडेही असे घडले आहे. २०१४ साली जनधन योजना आली. शून्य शिलकीची खाती कमी दिसावीत म्हणून बँक कर्मचाऱ्यांनीच गरिबांच्या खात्यांत एक-एक रुपया भरल्याची बातमी सप्टेंबर २०१६ मध्येच एका इंग्रजी दैनिकाने छापली. रुपया लहान, पण हिशेब खोटा. तो खोटेपणा कारकुनाच्या हातून झाला, पण त्याच्या पाठीशी वरचा दट्ट्या होता.

बंधू-भगिनींनो, नियम कसे करावेत हे आपल्याला परक्याकडून शिकायला नको. विनयपिटकात आहे की सारिपुत्तांनी नियम घालून देण्याची विनंती केली, तेव्हा तथागतांनी घाई केली नाही. दोष प्रत्यक्ष दिसल्यावरच नियम करायचा, ही त्यांची रीत होती. म्हणून विनयाच्या नियमांमागे घडलेल्या घटना सांगितल्या आहेत. वर्षावास संपताना पवारणा होते. माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले वा तशी शंका आली असेल तर सांगा, असे भिक्खू एकमेकांना म्हणतात. स्वतः तथागतांनीही संघासमोर हीच विचारणा केल्याचे संयुत्त निकायात आले आहे. शास्ता जर स्वतःला विचारणेबाहेर ठेवत नाही, तर बँकेच्या चेअरमनने का ठेवावे?

बाबासाहेबांनीही हेच केले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार एकत्र चर्चेला बसले.

तेव्हा एखाद्या मोठ्या बँकेची आचारसंहिता लिहायची झाली, तर माझ्या मते तिच्यात पाच गोष्टी आल्याच पाहिजेत.

एक. मसुदा समितीत शिपाई, सफाई कामगार, कारकून, कंत्राटी कामगार आणि अनुसूचित जाती-जमाती कर्मचारी संघटनेचा माणूस असावा. मसुदा मराठीतही मिळावा.

दोन. टार्गेट ठरवणाऱ्याचे नाव आणि जबाबदारी लेखी असावी. टार्गेटपायी खोटी नोंद झाली, तर चौकशी वरून सुरू व्हावी.

तीन. कागद वाचून, समजावून सांगितल्याशिवाय कुणाची सही वा अंगठा घेऊ नये. कर्ज मागायला आलेल्या बाईच्या माथी नको असलेला विमा मारू नये.

चार. जातीचे नाव घेऊन लिहावे. 'सर्वांशी सन्मानाने वागावे' हे मोघम वाक्य कुणालाच बांधत नाही. आडनावावरून टोमणे, 'कोट्यातला' म्हणून हिणवणे, डब्याच्या वेळी वेगळे बसवणे, बढतीच्या अहवालात डावलणे, हे सगळे गुन्हे म्हणून यादीत यावेत. २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळासाठी अंतर्गत समिती सक्तीची झाली. जातीच्या छळासाठीही प्रत्येक बँकेने तशी समिती नेमावी.

पाच. 'हे खोटे आहे, मी करणार नाही' असे म्हणणाऱ्याची बदली होऊ नये, कंत्राट तुटू नये. हे कलम नसेल तर वरची चारही वाया गेली.

पोटाची भीती मोठी असते. घरभाडे, पोरांची फी, आईचे औषध डोळ्यांसमोर असताना साहेबाला नाही म्हणणे सोपे नाही. पण पंचशीलात मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण घेतो, आणि अष्टांग मार्गात सम्यक् आजीविकाही आहे. शील एकट्याच्या खांद्यावर टाकून चालत नाही, त्याला संघाचा आधार लागतो. म्हणून माता-पित्यांनी बँकेत लागलेल्या मुला-मुलीला आज संध्याकाळी विचारावे : कशावर सही केलीस? प्रत घरी आहे का? तोंडी सांगितलेल्या चुकीच्या कामाची तारखेसह वहीत नोंद ठेवतोस का? युनियनचा सभासद झालास का? आणि खातेदार म्हणून आपणही गप्प बसू नये. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. देशाच्या घटनेला जे लागू, ते बँकेच्या आचारसंहितेला का नाही? राबवणाऱ्यांवर नजर ठेवायची असेल, तर मसुदा लिहिताना आपला माणूस तिथे बसला पाहिजे. पुढच्या वेळी तुमच्या कचेरीत असा कागद आला, तर सहीपूर्वी खुर्ची मागा.

जयभीम!