वाढीव वीसचा हिशेब



सोलापूर-हैदराबाद महामार्गावर अपघात झाला की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. चालक बेफाम होता, नाहीतर रस्ता ओलांडणारा बेसावध होता. दोन्ही खरे असेल. पण माणूस दगावला की वाचला, हे बहुतेक वेळा धडकेच्या क्षणी गाडीला किती वेग होता यावरच ठरते. म्हणून अणदूर, जळकोट, येणेगूर अशा गावांचे रस्ते महामार्गाला जिथे येऊन मिळतात, तिथे गाड्यांचा वेग ताशी 50 किलोमीटरच्या आत आणलाच पाहिजे. नुसता फलकावर नव्हे, प्रत्यक्षात.

‘80 आणि 60 मध्ये असा काय फरक?’ असे सहज विचारले जाते. कोरडा रस्ता, उत्तम ब्रेक आणि सावध चालक धरू. 37 मीटरवर कोणी आडवे आले. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी 60 ने येणारी गाडी तेवढ्यात 17 मीटर पुढे सरकते आणि उरलेल्या वीस मीटरमध्ये थांबते. ताशी 80 च्या गाडीचे त्याच सेकंदात 22 मीटर संपलेले असतात. शिवाय तिची गतिज ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ब्रेक मात्र दर मीटरला ठरावीकच ऊर्जा शोषतात. परिणामी पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरी ताशी 60 च्या आसपास वेगाने आदळते. म्हणजे पहिलीने जणू ब्रेक लावलाच नसता, तर जे झाले असते ते! वाढीव वीसची ही खरी किंमत आहे आणि ती रस्त्यावर पायी असलेला माणूस मोजतो. गाडीची धडक 50 ऐवजी 65 ने बसली तर पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आताच्या गाड्या भक्कम आहेत, एअरबॅगा आहेत, हा युक्तिवाद बाहेरच्या माणसाच्या काहीच कामाचा नाही. आतल्यांनाही त्याचा आधार मर्यादितच आहे. ‘भारत एनकॅप’ची समोरासमोरच्या धडकेची चाचणी ताशी 64 ला होते; 100 ला ऊर्जा तिच्या जवळजवळ अडीच पट असते. आणि गाडी टिकली म्हणून शरीर टिकतेच असे नाही. 3 जून 2014 रोजी दिल्लीत मराठवाड्याचे नेते गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला धडक बसली, तेव्हा गाडीचा चुराडा झाला नव्हता. शवविच्छेदनात मात्र मानेच्या मणक्याला आणि यकृताला गंभीर इजा आढळली. मराठवाड्याने तरी हे विसरू नये.

वेळ वाया जाईल, हा आक्षेपही हिशेबात टिकत नाही. गावाजवळचे दोन किलोमीटर 80 ऐवजी 50 ने काढले तर एक मिनिटही जास्त लागत नाही. ‘लोक कुठूनही रस्ता ओलांडतात’ ही तक्रार खरी आहे. पण घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला असेल तर माणूस ओलांडणारच. अणदूर आणि नळदुर्गच्या खंडोबाची मूर्ती तर एकच, ती या दोन ठिकाणी आलटूनपालटून मुक्कामाला असते. त्यामुळे गावकऱ्यांची आणि भाविकांची इथली पायी वर्दळ थांबणार नाही आणि थांबवूही नये. चुकणाऱ्या माणसाला मरण ही शिक्षा असू शकत नाही.

गावकरी अशा वेळी गतिरोधक मागतात. त्यांची कळकळ मला पटते, मागणी पटत नाही. वेगाने येणाऱ्या गाडीपुढे अचानक आलेला उंचवटा स्वतःच अपघात घडवतो. त्याऐवजी आधीपासून खडखडाट करणारे पट्टे, अरुंद होत जाणारी मार्गिका, चौकात भरपूर दिवे आणि जिथे वर्दळ मोठी तिथे भुयारी मार्ग हवा. एकाच जागी वेग टिपणारा कॅमेरा चालकांना लगेच पाठ होतो, म्हणून दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसवावेत. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 136-अ अशा इलेक्ट्रॉनिक देखरेखीची जबाबदारी राज्य सरकारवरच टाकते.

ही कामे उसाचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी व्हावीत. हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली रात्री ताशी वीसने चाललेली असते. ताशी 100 ने येणाऱ्या गाडीला पूर्ण थांबायला 80 मीटरहून जास्त अंतर लागते, आणि डिपरच्या उजेडात तेवढ्या लांबचे दिसत नाही.

– एक वाचक, अणदूर (ता. तुळजापूर, जि. धाराशिव)