भांडण लिहा, पण दोन्ही बाजूंनी

शाळेच्या अंकासाठी आलेल्या कथा वाचताना दरवर्षी एक गोष्ट जाणवते. कथेत वाटणीवरून वाद असतो आणि एकच माणूस वाईट असतो, बहुधा काका नाहीतर काकू. शेवटी त्यांना पश्चात्ताप होतो आणि सगळे एका पंगतीला बसतात. आपल्या घरांत असे किती वेळा घडते?

एका विद्यार्थ्याने एकदा वेगळी कथा दिली. आजोबा गेल्यावर शेत वाटताना विहीर कोणाकडे जावी, यावरून दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. काकांची बाजूही त्याने मनापासून मांडली होती. दोन दिवसांनी त्याचे वडील येऊन कथा परत घेऊन गेले. "घरातल्या गोष्टी चारचौघांत कशाला?" त्यांचा संकोच मी समजू शकतो. निर्मलमध्ये मराठी घरे एकमेकांना ओळखतात. तरी ती कथा छापता आली नाही, याची खंत आहे.

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. लेखकाचा जन्म १९३९ सालचा, पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातील पारवा गावचा. घराण्याचे मूळ तेलुगू. म्हणजे आपल्याला जवळचेच. नाटकात वडील वारल्यावर मुंबईचा सुधीर धरणगावच्या वाड्यात येतो. तेरवीच्या खर्चाचा प्रश्न निघतो. थोरल्या भास्करला वाटते, इथला भार मी एकट्याने ओढला. सुधीरला वाटते, घरचे सोने थोरल्यानेच ताब्यात ठेवले. बहीण प्रभाला शिकायचे होते, पण शिकू दिले नाही. यात खलनायक कोणीच नाही. प्रत्येकाचे थोडेथोडे खरे आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

तेव्हा मुलांनो, नावे बदला, गाव बदला, विहिरीऐवजी दुकान घ्या. मग ज्याचा राग येतो, त्याच्या तोंडून एक पान लिहा. ते पान जमले तर कथा जमली. शेवट गोड करण्याची घाई नको.

पालकांना विनंती, मुलाची कथा वाचून "हा काका म्हणजे कोण?" असे लगेच विचारू नका. काकांची बाजू ज्याला लिहिता आली, त्याने घराची बदनामी केलेली नाही, घर समजून घेतले आहे. विश्वस्तांनी एलकुंचवारांची 'वाडा' नाट्यत्रयी वरच्या वर्गांसाठी ग्रंथालयात आणावी.

आणि विहिरीची ती कथा अजून घरी असेल, तर पुढच्या अंकात तिच्यासाठी जागा आहे.